रिपोर्ट नॉर्मल, कुशीत मात्र कळ: किडनी काढून टाकण्याचा आग्रह धरू का?

प्रश्न

पत्र लिहिणाऱ्या वाचक 31 वर्षांच्या आहेत. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यांच्या पत्राचा सारांश देते. अडीच वर्षांपासून त्यांच्या डाव्या कुशीत, शेवटच्या बरगडीखाली दुखतं. एरवी बारीक ठणका असतोच, पण अधूनमधून कळ इतकी जोरात येते की उलटी होते. ती कळ जांघेपर्यंत उतरते आणि अशा वेळी कधीकधी लघवी तांबूस, गडद दिसते. दुखणं सुरू झालं तेव्हा एक बारीक मुतखडा पडला होता, त्यानंतर खडा कधीच दिसलेला नाही. सोनोग्राफी, सीटी स्कॅन, लघवीचं कल्चर, रक्तातलं क्रिएटिनिन सगळं नॉर्मल आहे. फक्त लघवीच्या साध्या तपासणीत दर वेळी लाल रक्तपेशी सापडतात. एका डॉक्टरांनी 'ताण कमी करा' म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांनी 'लॉइन पेन हेमॅच्युरिया सिंड्रोम' (कुशीत दुखणं आणि लघवीतून रक्त जाणं) असं नाव सांगितलं आणि यावर इलाज नाही, असंही सांगितलं. ट्रामाडॉल या वेदनाशामकाच्या गोळ्या वाढत चालल्या आहेत. घरातले म्हणतात, रिपोर्ट चांगले आहेत तर मग दुखतं कसं? येत्या वर्ष-दोन वर्षांत मूल व्हावं अशी त्यांची इच्छा आहे. त्या विचारतात, "डावी किडनी काढूनच टाका असा आग्रह धरू, की हे सगळं माझ्या मनाचं आहे असं समजून गप्प बसू?"

उत्तर

तुम्ही माझ्यापुढे दोनच पर्याय ठेवले आहेत आणि मला दोन्ही मान्य नाहीत. त्याचं कारण एकच आहे. किडनी काढली काय किंवा मनाचे खेळ म्हणून सोडून दिलं काय, दोन्हीकडे तपास अर्धवट राहतो. तुमच्या पत्रावरून मला दिसतं ते असं की तुम्हाला एक नाव मिळालं आहे, पण त्या नावापर्यंत पोचण्याआधी जे तपासायला हवं होतं त्यातलं बरंच काही अजून झालेलं नाही. मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे निदान माझ्याकडून होणार नाही. पण पुढच्या भेटीत डॉक्टरांशी काय बोलायचं, हे आपण नीट ठरवू शकतो.

आधी घरातल्यांच्या त्या वाक्याबद्दल बोलते, कारण आता तुम्हीही ते स्वतःशी म्हणू लागला आहात. रिपोर्ट चांगले, तर मग दुखतं कसं? सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनमध्ये खडा, गाठ, सूज, अडथळा दिसतो. वेदना दिसत नाही. अर्धशिशीच्या रुग्णाचा मेंदूचा स्कॅन बहुतेक वेळा स्वच्छच येतो, म्हणून अर्धशिशी खोटी आहे असं कुणी म्हणत नाही. शिवाय तुमचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, हे मुळात खरंच नाही. लघवीत दर वेळी लाल रक्तपेशी सापडणं ही नोंद घेण्याजोगी खूण आहे. पाळीच्या दिवसांत दिलेला नमुना नसेल, तर ते रक्त कुठून येतं हे शोधायलाच हवं. तुमच्या फाइलमध्ये हा एक धागा अडीच वर्षं पडून आहे आणि कुणी तो धरून मागे गेलेलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

किडनी दुखते म्हणजे नेमकं काय होतं, हेही माहीत असलेलं बरं. किडनीच्या गाभ्याला दुखण्याची जाणीव जवळपास नसते. ती असते किडनीवरच्या पातळ, घट्ट वेष्टनाला आणि आतल्या लघवी साठणाऱ्या पोकळीला. वेष्टन ताणलं गेलं किंवा पोकळी तुंबली, की कळ येते. ही जाणीव नेणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात ज्या पातळीवर शिरतात, साधारण त्याच पातळीवर खालच्या बरगड्या, पोटाची भिंत आणि जांघ यांच्याही नसा येतात. म्हणून किडनीची कळ जांघेत उतरते. आणि म्हणूनच उलटंही घडतं: बरगडीचं किंवा स्नायूचं दुखणं हुबेहूब किडनीच्या दुखण्यासारखं वाटतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

आता त्या नावाकडे वळू. 1967 साली लिटल, स्लोपर आणि डी वॉर्डनर या डॉक्टरांनी 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात तीन तरुण स्त्रियांची हकिगत मांडली. तिघींनाही कुशीत वारंवार तीव्र दुखायचं आणि लघवीतून रक्त जायचं. तिथून हे नाव रूढ झालं. आजार दुर्मीळ आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त दिसतो आणि बहुतेक वेळा ऐन तरुण वयात सुरू होतो. दुखणं एका बाजूला असतं किंवा दोन्ही, कधी सतत असतं तर कधी झटक्यांनी येतं. उताणं झोपल्यावर, धक्के बसणाऱ्या प्रवासात, व्यायामानंतर ते वाढतं असं अनेक जण सांगतात. बऱ्याच रुग्णांना आधी कधीतरी मुतखडा झालेला असतो, तुमच्यासारखाच. एक दिलासा देणारी गोष्ट मात्र तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. या आजारात किडनीचं काम सहसा शाबूत राहतं. दुखणं कितीही भयंकर असलं, तरी तो डायलिसिसकडे जाणारा रस्ता नव्हे.

हे का होतं, याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडेच नाही. सगळ्यात जास्त मांडली जाणारी उपपत्ती अशी आहे: किडनीत रक्त गाळणाऱ्या अतिसूक्ष्म गाळण्या असतात, त्यांचा पडदा काही जणांत नेहमीपेक्षा पातळ किंवा जाड असतो. त्यातून लाल रक्तपेशी निसटतात, पुढच्या बारीक नळ्यांमध्ये अडकतात, नळ्या तुंबतात, किडनीला सूज येते आणि वरचं वेष्टन ताणलं जातं. शिवाय दुखणं वर्षानुवर्षं चाललं की वेदनेचा निरोप नेणाऱ्या नसा आणि मज्जारज्जू स्वतःच जास्त संवेदनशील होतात. मग साध्या कारणानेही मोठी कळ येते.

पण या नावाचा अर्थ नीट समजून घ्या. कुठलीही एक तपासणी 'होय, हाच तो आजार' असं सांगू शकत नाही. दुखणं सहा महिन्यांपेक्षा जुनं आहे, लघवीत रक्त आहे आणि त्याचं दुसरं कुठलंही कारण शोधून सापडलं नाही, तेव्हाच हे नाव द्यायचं असतं. म्हणजे या निदानाचा सगळा भार 'शोधून' या शब्दावर आहे. एक सीटी आणि दोन-चार कल्चर एवढ्यावर ते दिलं असेल, तर मी ते तूर्त पेन्सिलने लिहिलेलं समजेन.

मग काय शोधायचं राहिलं आहे? सर्वांत आधी लघवीच नीट बघून घ्या. प्रयोगशाळेच्या छापील रिपोर्टवर तुम्हाला रक्तपेशींचा आकडा मिळतो. पण अनुभवी नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीविकारतज्ज्ञ, ताजी लघवी फिरवून तिचा गाळ स्वतः मायक्रोस्कोपखाली बघतात, तेव्हा ते पेशींचा आकडा नाही, आकार बघत असतात. खड्यामुळे किंवा मूत्राशयातून आलेल्या पेशी बहुतेक गोल, एकसारख्या असतात. गाळणीच्या पडद्यातून पिळवटून आलेल्या पेशींचा आकार बिघडलेला असतो. काही पेशींच्या कडेला तर फुगे फुटल्यासारखे उंचवटे दिसतात. असे विकृत पेशींचे पुंजके दिसले, तर रक्त किडनीच्या गाळणीतून येतंय हे जवळजवळ ठरतं आणि तपासाची दिशाच बदलते. नमुना मात्र ताजा हवा, तासन्‌तास पडून राहिलेल्या लघवीत पेशी आपोआप बिघडतात. ही तपासणी स्वस्तातली आहे, सुई टोचावी लागत नाही आणि ती सगळ्यात जास्त वेळा राहून जाते.

त्याच नमुन्यात प्रथिनं किती जातात तेही बघायला सांगा. लघवीतून प्रथिनं जात असतील, रक्तदाब वाढलेला असेल किंवा घराण्यात कुणाला किडनीचा आजार आणि कमी ऐकू येणं हे दोन्ही असेल, तर डॉक्टर बायोप्सीचा, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासण्याचा, विचार करतील. त्यातून आयजीए नेफ्रोपॅथी, पातळ पडद्याचा आजार किंवा अल्पोर्ट सिंड्रोम यांसारखे गाळणीचे आजार कळतात. या आजारांमध्येही कुशीत दुखू शकतं, पण त्यांचा पाठपुरावा वेगळा असतो. अल्पोर्टमध्ये जनुकीय तपासणीही करता येते. मूल होऊ देण्याचा विचार असताना ही माहिती हाताशी असणं महत्त्वाचं आहे.

तुमचं दुखणं डावीकडे आहे, म्हणून आणखी एक गोष्ट मुद्दाम विचारा. डाव्या किडनीतून रक्त परत नेणारी शीर महाधमनी आणि आतड्याला रक्त पुरवणारी धमनी यांच्या मधून जाते. काही जणांत, विशेषतः सडपातळ बांध्याच्या लोकांत, ती या दोघींच्या चिमट्यात सापडते. मग डाव्या कुशीत दुखतं आणि लघवीतून रक्त जातं. याला नटक्रॅकर सिंड्रोम म्हणतात. साध्या सीटीत ते निसटू शकतं. डॉपलर सोनोग्राफी आणि गरज पडल्यास रक्तवाहिन्यांचा खास स्कॅन करून बघावं लागतं. वजन एकदम उतरल्यावर दुखणं सुरू झालं होतं का, हे आठवून बघा.

दुसरा चकवा म्हणजे अधूनमधून होणारा अडथळा. किडनीतून मूत्रवाहिनी जिथे निघते तिथे अरुंद जागा असली, तर भरपूर पाणी प्यायल्यावर किडनी फुगते, भयंकर कळ येते आणि थोड्या वेळाने सगळं ओसरतं. दुसऱ्या दिवशी केलेला स्कॅन स्वच्छ येतो. म्हणून डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा आणि शक्य झालं तर एक सोनोग्राफी ऐन कळ चालू असताना करून घ्या. संशय वाटला तर लघवी वाढवणारं औषध देऊन किडनीचा आयसोटोप स्कॅन करतात. तुम्हाला जास्त पाणी प्यायल्यावर बरं वाटतं की उलट कळ येते? या एका प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांना खूप काही सांगून जाईल, तुमच्या पत्रात मात्र ते नाही.

खड्याचा इतिहास आहे, तर चोवीस तासांची लघवी साठवून तिच्यातलं कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक ॲसिड, सायट्रेट मोजून घ्या. लघवीत कॅल्शियम जास्त जात असेल तर खडा न दिसताही रक्त जाऊ शकतं, दुखूही शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. डोळ्यांना दिसण्याइतकं रक्त गेलं असेल, तर मूत्राशयात दुर्बीण घालून एकदा बघण्याची गरज आहे का, हे युरॉलॉजिस्टना (मूत्रमार्गाच्या शल्यचिकित्सकांना) विचारा. दुखणं पाळीच्या चक्राबरोबर वाढतं-कमी होतं असं वाटत असेल, तर एंडोमेट्रिओसिसचा (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा) विचार व्हायला हवा. तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांना यात घ्या.

आता बरगडीचा मुद्दा. शेवटच्या बरगडीच्या टोकावर अंगठ्याने दाबलं की नेमकी तीच ओळखीची कळ उठते का? पडल्या पडल्या डोकं आणि खांदे उचलून पोट घट्ट केलं की दुखणं वाढतं का? वाढत असेल तर दुखणं आत किडनीत नसून बरगडीत, स्नायूत किंवा पोटाच्या भिंतीतल्या नसेत असण्याची शक्यता बळावते. लघवीतलं रक्त आणि कुशीतलं दुखणं ही दोन वेगळी कारणं एकाच माणसात असू शकतात, हे आपण विसरतो. तपासायला दोन मिनिटं लागतात, आणि त्या जागी भूल देणारं इंजेक्शन देऊन खात्रीही करता येते. हे न करता कुणाची किडनी काढली गेली, तर त्यासारखं दुर्दैव नाही.

मनाच्या प्रश्नाबद्दल थोडं हळुवारपणे बोलायचं आहे. 'ताण कमी करा' असं म्हणून परत पाठवणं चूक होतं, कारण त्यात तपास थांबवला गेला. तुम्ही दुखावलात आणि आता कुणी झोपेबद्दल, मनःस्थितीबद्दल विचारलं तरी तुम्हाला ते आरोपासारखं वाटतं, असं तुमच्या पत्रातून जाणवलं. पण अडीच वर्षांच्या वेदनेने झोप उडणं, चिडचिड होणं, रडू येणं यात नवल काय? आणि उडालेली झोप दुखणं वाढवते, हेही शरीरशास्त्रच आहे. वेदना सहन करण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेणं म्हणजे वेदना खोटी असल्याची कबुली नव्हे. ज्या रुग्णांना औषधांबरोबर समुपदेशन, हळूहळू वाढवलेला व्यायाम आणि झोपेवरचं काम असं सगळं एकत्र मिळतं, त्यांना पुन्हा रोजचं आयुष्य जगायला मदत होते. ही मदत तपास थांबवून घ्यायची नाही, तपास चालू असताना घ्यायची.

समजा, सगळं तपासून झालं आणि निदान तेच कायम राहिलं. तरी 'इलाज नाही' हे वाक्य मला पटत नाही. मुळापासून बरं करणारा खात्रीचा इलाज नाही, एवढंच खरं आहे. दुखणं कमी करण्याचे मार्ग आहेत आणि ते पायरीपायरीने चढायचे असतात. काही रुग्णांत काही वर्षांनी दुखणं आपोआप ओसरतं, हेही नोंदलेलं आहे. कुणाचं ओसरेल ते आधी सांगता येत नाही, पण परत न फिरता येणारी शस्त्रक्रिया घाईने न करण्याला हे एक मोठं कारण आहे.

पहिल्या पायरीवर रक्तदाबाच्या औषधांपैकी एसीई इनहिबिटर किंवा एआरबी गटातली गोळी देऊन बघतात. ती गाळणीतला दाब कमी करते, त्यामुळे काहींचं रक्त जाणं आणि दुखणं दोन्ही कमी होतं. तुमचा रक्तदाब मुळात कमी असेल तर चक्कर येऊ शकते, काहींना कोरडा खोकला लागतो, आणि सुरू केल्यावर क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासावं लागतं. पण तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचं हे की या दोन्ही गटांची औषधं गरोदरपणात घ्यायची नसतात, बाळाला इजा होते. मूल हवं आहे हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंत. डॉक्टरांना ते पहिल्याच वाक्यात सांगा. औषधाची निवड, गर्भनिरोधन आणि औषध कधी बंद करायचं हे सगळं त्यावर ठरेल.

नसांच्या वेदनेवरची औषधं ही दुसरी पायरी. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, रात्री थोड्या मात्रेत ॲमिट्रिप्टिलिन, किंवा ड्युलोक्सेटिन. यातली काही मूळ नैराश्याची किंवा फिट्सची औषधं आहेत, म्हणून औषधाबरोबरची चिठ्ठी वाचून घाबरू नका. वेदनेचा निरोप सौम्य करण्यासाठी ती वापरतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून सोडून दिलं, तर ते औषध करून बघितलं असं म्हणता येत नाही.

ट्रामाडॉलबद्दल मला काळजी वाटते आणि ती लपवत नाही. हे अफूच्या वर्गातलं औषध आहे. शरीर त्याला सरावतं, मात्रा वाढवावी लागते, आणि दीर्घकाळ घेतल्यावर काहींमध्ये उलट वेदनेची संवेदनाच तीव्र होते. म्हणजे गोळी वाढते आणि दुखणंही वाढतं. तुमच्या पत्रातलं वर्णन मला या दिशेचं वाटलं. पण एकदम बंद करू नका, त्याचाही त्रास होतो. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायची असते. ट्रामाडॉल चालू असताना ॲमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन सुरू होणार असेल, तर दोन्हींच्या एकत्र परिणामांबद्दल आणि फिटच्या धोक्याबद्दल विचारा. गॅबापेंटिनबरोबर गुंगी आणि श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. दोन वेगळे डॉक्टर दोन वेगळ्या चिठ्ठ्या लिहितात तेव्हा हे नेमकं निसटतं. दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांचंही तसंच. जी किडनी आज उत्तम काम करते आहे, तिला या आजारापेक्षा मूठभर वेदनाशामक गोळ्यांचा धोका अधिक आहे, विशेषतः शरीरात पाणी कमी असताना किंवा वर सांगितलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना.

औषधांनी भागलं नाही तर वेदनातज्ज्ञांकडे जायचं. नसांभोवती भूल देणारी इंजेक्शनं, रेडिओफ्रीक्वेन्सीने नसा शांत करणं, असे उपाय त्यांच्याकडे असतात. त्यापुढे किडनीच्या धमनीत बारीक नळी घालून भोवतालच्या नसा निकामी करण्याची पद्धत आहे. ती मुळात रक्तदाबासाठी निघाली, या आजारात तिचे थोड्या रुग्णांवरचे निष्कर्ष आशादायक आहेत. थोड्या रुग्णांवरचे, हे शब्द मात्र विसरू नका.

आणि आता तुमचा मूळ प्रश्न. किडनी काढून टाकण्याचा आग्रह धरू नका. निव्वळ या आजारासाठी किडनी काढल्यावर दुसऱ्या बाजूला तसंच दुखणं सुरू झाल्याचे अनुभव डॉक्टरांच्या नोंदींत आहेत. तेव्हा हातात एकच किडनी असते आणि ती दुखत असते. चांगलं काम करणारा अवयव काढून टाकणं हा इतर सगळं संपल्यावरचाही वादाचा विषय आहे, तुमच्या बाबतीत तर बाकीचं अजून सुरूही झालेलं नाही. शेवटच्या टप्प्यावर काही मोजकी केंद्रं वेगळी शस्त्रक्रिया करतात. किडनी काढून तिच्या नसा तोडायच्या आणि तीच किडनी त्याच रुग्णाच्या ओटीपोटात पुन्हा बसवायची. याला स्वप्रत्यारोपण म्हणतात. त्याआधी दुर्बिणीतून किडनीच्या पोकळीत भूल देणारं औषध सोडून बघतात. तात्पुरतं का होईना, दुखणं थांबलं तर ते किडनीतूनच येतं असं मानायला आधार मिळतो. नाही थांबलं, तर एवढी मोठी शस्त्रक्रिया करून उपयोग होण्याची शक्यता कमी. स्वप्रत्यारोपणानंतरही काहींचं दुखणं परत येतं, आणि मोठ्या शस्त्रक्रियेचे सगळे धोके त्यात असतातच. पुढे कधी कुणी शस्त्रक्रिया सुचवलीच, तर "ही चाचणी आधी कराल का?" हा प्रश्न विचारल्याशिवाय संमतीच्या कागदावर सही करू नका.

तोवर एक वही ठेवा, साधी. कळ कधी आली, किती वेळ टिकली, त्याआधी काय चाललं होतं, किती पाणी प्यायलं होतं, लघवीचा रंग, पाळीचा दिवस, कोणती गोळी किती घेतली. एका ओळीत मावेल एवढंच लिहा, नाहीतर दिवसभर दुखण्याकडेच लक्ष राहील. महिन्याभराची वही घेऊन एकाच नेफ्रॉलॉजिस्टकडे जा आणि त्यांना स्पष्ट विनंती करा की युरॉलॉजिस्ट, वेदनातज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्याशी बोलून सगळ्याची सूत्रं त्यांनी हातात ठेवावीत. शक्य असेल तर नवऱ्याला बरोबर न्या. मायक्रोस्कोपखाली काय दिसलं हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, की 'रिपोर्ट चांगले आहेत' हे वाक्य घरात बहुधा थांबेल. तुम्ही शंभरदा सांगून जे पटत नाही ते असं पटतं, हे अन्यायाचं आहे, पण त्याचा उपयोग करून घ्या.

नेहमीची कळ आणि धोक्याची कळ यांतला फरक घरात सगळ्यांना माहीत हवा. थंडी वाजून ताप, लघवी बंद होणं, लघवीतून रक्ताच्या गाठी, चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज, न थांबणाऱ्या उलट्या, गरोदरपणात आलेली कळ, किंवा आजवरच्या दुखण्यापेक्षा वेगळ्याच जातीचं दुखणं यातलं काहीही झालं, तर 'नेहमीचंच आहे' म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा. जाताना एक कागद जवळ असू द्या: संशयित निदानाचं नाव, चालू औषधं आणि त्यांची मात्रा, ॲलर्जी, मागचे सीटी स्कॅन कोणत्या तारखांना झाले आणि त्यात काय आढळलं, तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टचा फोन. रात्रपाळीच्या डॉक्टरांना तुमची गोष्ट पहिल्यापासून ऐकायला वेळ नसतो. तो कागद हातात असला, तर ते आधी सोनोग्राफी आणि लघवी बघतील, आणि प्रत्येक कळेला नव्याने सीटी करून तुमच्या शरीरात होणारा क्ष-किरणांचा मारा टळेल.